गोलरक्षकाला वेळ कुठून मिळतो?

नाशिकजवळ एकलहरे येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील वसाहतीत राहणाऱ्या एका शिक्षक मित्राकडे आम्ही हिवाळ्यात दोन दिवस मुक्कामाला होतो. संध्याकाळी मैदानावर मुलामुलींचा फुटबॉल रंगला होता. दोन्ही बाजूंना दप्तरे ठेवून गोल केले होते. एका गोलात सातवीतला एक जाडसर मुलगा उभा होता. पाऊण तासात त्याने पाच गोल खाल्ले आणि प्रत्येक गोलनंतर सगळ्या संघाची बोलणी खाल्ली. खेळ संपल्यावर तो एकटाच आपले दप्तर झटकत निघून गेला.

"त्याला पळता येत नाही, म्हणून गोलात उभा करतात," मित्र म्हणाले. "वर्षभर तोच. दुसरं कुणी उभंच राहत नाही."

आम्हाला आमचे लहानपण आठवले. चष्मा होता, धावण्यात शेवटून दुसरा नंबर ठरलेला, त्यामुळे आमची जागाही गोलातच असे. जवळच उभी असलेली नववीतली एक मुलगी आमचे बोलणे ऐकत होती. ती म्हणाली, "पण सर, टीव्हीवर तर चाळीस-चाळीस वर्षांचे गोलकीपर दिसतात. बाकीचे खेळाडू तेवढे म्हातारे नसतात. त्यांनाही पळता येत नाही म्हणूनच ठेवतात का?"

प्रश्न मोठा नेमका होता. गोलरक्षकाचे काम विजेच्या चपळाईचे आहे, असे आपण समजतो. वय वाढले की चपळाई कमी होते, हेही आपल्याला माहीत असते. मग ज्या वयात आघाडीचा खेळाडू बूट खुंटीला टांगतो, त्या वयात गोलरक्षक ऐन भरात कसा असतो? दुसऱ्या दिवशी आम्ही एक मोजपट्टी, एक लांब दोरी आणि खडू घेऊन मैदानावर गेलो. तेथे मुलांबरोबर जे केले, ते येथे मांडत आहोत. कोणत्याही शाळेत ते करता येईल.

आधी मोजमाप

मोठ्या मैदानावरचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. म्हणजे गोलरक्षकाला सुमारे १८ चौरस मीटर जागा राखायची असते. एखाद्या मध्यम खोलीची जमीन भिंतीसारखी उभी केली आहे, अशी कल्पना करा. दोन्ही हात पसरून उभा राहिलेला उंच माणूस तिचा अगदी थोडा भाग झाकतो. उरलेल्या भागासाठी त्याला हालचाल करावी लागते आणि हालचालीला वेळ लागतो.

किती वेळ मिळतो, ते पाहू. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर असतो. तेथून गोलखांबाच्या पायथ्यापर्यंतचे अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने काढता येते. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ११ मीटर आणि ३.६६ मीटर (गोलाची निम्मी रुंदी) आहेत, म्हणून कर्ण सुमारे ११.६ मीटर. चेंडूचा वेग ताशी ९० किलोमीटर धरू. चांगल्या खेळाडूच्या मानाने हा काही फार नाही. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ११.६ ला २५ ने भागले की ०.४६ येते. पायाचा चेंडूला स्पर्श झाल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत सारे आटोपलेले असते.

आता गोलरक्षकाच्या बाजूचा हिशोब करू. त्यात दोन रकमा आहेत. एक, चेंडू पाहून हालचाल सुरू होईपर्यंतचा वेळ. दुसरी, प्रत्यक्ष हालचालीचा वेळ.

पट्टी पकडण्याचा प्रयोग

पहिली रक्कम मोजायला तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते. एका विद्यार्थ्याने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी अंगठा व तर्जनी उघडी ठेवावीत, पट्टीला स्पर्श करू नये. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी जेथे पकडली तो आकडा वाचावा.

पट्टी गुरुत्वाकर्षणाने खाली पडते. त्यामुळे ती किती पडली यावरून किती वेळ गेला ते कळते. अंतर मीटरमध्ये घ्यावे, त्याला दोनने गुणावे, ९.८ ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. पट्टी १० सेंटिमीटरवर पकडली तर ०.१४ सेकंद, १५ वर ०.१७, २० वर ०.२०, २५ वर ०.२३ आणि ३० वर ०.२५ सेकंद. प्रत्येकाने दहा वेळा करून सरासरी घ्यावी. एकदाच मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवू नये, हा धडाही येथे आपोआप मिळतो.

बहुतेकांची सरासरी ०.२ सेकंदाच्या आगेमागे येते. मुलांना नवल वाटते ते याचे, की वर्गातला सर्वांत चपळ आणि सर्वांत मंद यांच्यातला फरक सेकंदाच्या काही शतांशांचाच असतो. हा वेळ जातो कुठे? मेंदूपासून पायापर्यंत दीड-पावणेदोन मीटरचे अंतर आहे. स्नायूंना आज्ञा नेणारे जलद चेतातंतू सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने संदेश नेतात. म्हणजे त्या प्रवासाला ०.०३ सेकंदाच्या आसपास लागतात. बाकीचा वेळ डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचे संदेशात रूपांतर होण्यात, तो संदेश मेंदूत पोचून त्याचा अर्थ लागण्यात आणि स्नायू प्रत्यक्ष आकुंचन पावण्यात जातो. शिवाय पट्टीच्या प्रयोगात एकच गोष्ट करायची असते. उजवीकडे की डावीकडे, अशी निवडही करायची असेल तर वेळ आणखी वाढतो.

पडायलाही वेळ लागतो

दुसरी रक्कम हालचालीची. येथे एक मजेदार अडचण आहे. खालच्या कोपऱ्यातला चेंडू अडवायचा तर गोलरक्षकाला जमिनीवर आडवे व्हावे लागते. हात खाली झटकन नेता येतो, पण अंग खाली कोण नेणार? पायांनी जमिनीला रेटा दिला तर शरीर बाजूला किंवा वर जाते, खाली नाही. खाली नेणारे बल एकच, गुरुत्वाकर्षण. ते कोणासाठी घाई करत नाही.

ताठ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटर उंचीवर असतो. कुशीवर आडवा पडल्यावर तो २० सेंटिमीटरवर येतो. म्हणजे तो ७५ सेंटिमीटर खाली यायला हवा. पट्टीचेच सूत्र वापरले तर याला ०.३९ सेकंद लागतात. जगातला कितीही चपळ गोलरक्षक घ्या, यापेक्षा लवकर तो पडू शकत नाही.

पण गुडघे वाकवून, पुढे झुकून उभा राहिला तर? समजा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर आला. आता ५० सेंटिमीटरच पडायचे आहे, त्याला ०.३२ सेकंद पुरतात. केवळ उभे राहण्याच्या ढबीने ०.०७ सेकंद वाचले. तेवढ्या वेळात आपला चेंडू पावणेदोन मीटर पुढे गेलेला असतो. "वाकून उभा राहा" असे क्रीडाशिक्षक ओरडून सांगतात, त्यामागे न्यूटन उभा आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

आता बेरीज करू. प्रतिसादाला ०.२०, पडायला ०.३२, एकूण ०.५२ सेकंद. चेंडूला लागतात ०.४६. हिशोब जुळत नाही. पेनल्टीत चेंडू पाहून मग हलणारा गोलरक्षक कोपऱ्यातल्या चेंडूपर्यंत पोचूच शकत नाही. तरीही काही पेनल्टी अडवल्या जातातच. म्हणजे हा कमी पडणारा वेळ गोलरक्षक दुसरीकडून कुठून तरी आणत असला पाहिजे. तो कुठून आणतो, हाच खरा प्रश्न आहे.

पहिली कमाई : जागा

आता दोरी घ्या. दोरीची दोन टोके गोलाच्या दोन्ही खांबांना बांधा. (आम्ही दप्तरांशेजारी दोन मुले उभी केली.) दोरीचा मधला भाग ओढून चेंडूपाशी आणा. दोरीच्या दोन बाजू आणि गोलरेषा मिळून एक त्रिकोण होतो. चेंडूला गोलात जायचे तर याच त्रिकोणातून जावे लागते. गोलरक्षकाने राखायचा मुलूख तेवढाच.

समजा चेंडू गोलासमोर बरोबर १२ मीटरवर आहे आणि आघाडीचा खेळाडू एकटाच चालून येतो आहे. गोलरक्षक रेषेवरच थांबला तर त्याला सगळे ७.३२ मीटर राखायचे आहेत. तो ६ मीटर पुढे आला तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने दोरींमधले अंतर निम्मे, म्हणजे ३.६६ मीटर होते. ८ मीटर पुढे आला तर एकतृतीयांश, २.४४ मीटर. आता त्याने हात-पाय पसरले की जवळजवळ सगळी वाट बंद होते. मघाशी अवाढव्य वाटलेला गोल आठ पावले पुढे येताच दरवाजाएवढा झाला. झेप घ्यावीच लागली नाही.

एकलहऱ्याच्या मुलांना ही दोरी फार आवडली. आदल्या दिवशीच्या गोलरक्षकाला आम्ही दोरीच्या आत उभे केले आणि एकेक पाऊल पुढे यायला सांगितले. पाचव्या पावलाला दोन्ही दोऱ्या त्याच्या पसरलेल्या हातांना लागल्या. तो म्हणाला, "म्हणजे इथं उभं राहिलं की जाडं असलेलं बरंच."

अर्थात निसर्ग फुकट काही देत नाही. पुढे आल्याने वाट अरुंद होते तसा वेळही कमी होतो. चार मीटरवरून आलेल्या चेंडूला प्रतिसाद द्यायला सवडच नसते, तो अंगावर आदळला तरच अडतो. शिवाय समोरच्याने चेंडू डोक्यावरून अलगद उचलून टाकला तर मागे गोल मोकळा असतो. किती पुढे यायचे आणि केव्हा थांबायचे, हे दरवेळी नव्याने ठरवावे लागते. समोरच्याचे डोके चेंडूकडे खाली झुकले आहे तेवढ्या क्षणात पुढे सरकायचे आणि तो मारायच्या बेतात आला की थांबून दोन्ही पाय रोवायचे, हे गोलरक्षक अनुभवाने शिकतो. पाय हवेत असताना झेप घेता येत नाही.

दुसरी कमाई : आधी पाहणे

पट्टीचा प्रयोग पुन्हा करा, पण थोडा बदलून. पहिल्या वेळी पकडणाऱ्याने फक्त पट्टीकडे पाहावे. दुसऱ्या वेळी पट्टी धरणाऱ्याच्या बोटांकडे आणि मनगटाकडे पाहावे. बोटे सैल होण्याआधी बऱ्याच जणांच्या हाताची बारीकशी हालचाल होते. ती ओळखता आली तर आकडा खाली येतो. मग धरणाऱ्याला मुद्दाम खोटी हालचाल करायला सांगा. पट्टी सुटायच्या आधीच समोरच्याची चिमूट मिटते आणि वर्गात हशा पिकतो. गोलरक्षक आणि पेनल्टी मारणारा यांच्यातला सगळा डाव या प्रयोगात आहे.

नेदरलँड्स आणि इंग्लंडमधील संशोधकांनी गोलरक्षकांची नजर कुठे असते याचा अभ्यास केला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. पेनल्टीचे चित्रीकरण मोठ्या पडद्यावर दाखवून त्यांनी डोळ्यांच्या हालचाली नोंदल्या. नवख्यांची नजर मारणाऱ्याच्या धडावर, हातांवर, कमरेवर भिरभिरत होती. अनुभवी गोलरक्षकांची नजर कमी ठिकाणी पण जास्त वेळ थांबत होती आणि शेवटच्या क्षणी मारणारा पाय, जमिनीवर टेकलेला पाय आणि चेंडू यांवर असे. टेकलेल्या पायाचे बोट कुठे रोखले आहे, यावरून दिशेचा बराच अंदाज येतो आणि तो पाय चेंडूला लाथ बसण्यापूर्वी टेकलेला असतो. आपल्या हिशोबात कमी पडणारे सेकंदाचे शतांश येथे सापडतात.

आयर्लंडमधील संशोधकांनी २०२३ साली आणखी एक गोष्ट दाखवली. डोळ्यांसमोर एकदाच प्रकाश चमकवला आणि त्याबरोबर दोनदा 'टिक्' आवाज केला तर पुष्कळांना प्रकाशही दोनदा चमकल्यासारखा वाटतो. व्यावसायिक गोलरक्षक, इतर व्यावसायिक खेळाडू आणि न खेळणारे अशा तीन गटांत मिळून ६० जणांवर हा प्रयोग झाला. गोलरक्षकांना ध्वनी आणि प्रकाश यांतले सूक्ष्म अंतर अधिक अचूक ओळखता आले. ही देणगी जन्मजात असल्यामुळे ते गोलरक्षक झाले, की गोलात उभे राहून ती आली, हे मात्र या प्रयोगावरून ठरत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण असतेच असे नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायला हे चांगले उदाहरण आहे.

तिसरी कमाई : अंदाज

इतके करूनही पेनल्टीत वेळ अपुरा पडतो. म्हणून गोलरक्षक एक बाजू आधीच ठरवून झेपावतो. इस्राएलमधील संशोधकांनी २००७ साली २८६ पेनल्टींची पाहणी प्रसिद्ध केली. मारणाऱ्यांनी सुमारे २९ टक्के चेंडू गोलाच्या मधल्या भागात मारले होते, पण गोलरक्षक मध्ये उभा राहिला तो फक्त ६ टक्के वेळा. जेव्हा उभा राहिला तेव्हा त्याने तीनांपैकी एक पेनल्टी अडवली. झेपावल्यावर सातांपैकी एकही धड नाही.

मग गोलरक्षक उभे का राहत नाहीत? संशोधकांचे म्हणणे असे, की झेप घेऊन गोल झाला तर "बिचाऱ्याने प्रयत्न केला" असे लोक म्हणतात. जागेवर उभे राहून गोल झाला तर "हललासुद्धा नाही" म्हणतात. काहीतरी करून चुकणे माणसाला काही न करता चुकण्यापेक्षा कमी बोचते. आपल्या वर्गात आणि शिक्षक-कक्षातही याची उदाहरणे सापडतील.

येथे सावधगिरीही हवी. २८६ पैकी ६ टक्के म्हणजे अवघ्या १८ पेनल्टी. एवढ्या थोड्या उदाहरणांवरून मोठा निष्कर्ष काढू नये. शिवाय सगळे गोलरक्षक उद्यापासून मध्येच उभे राहू लागले, तर मारणारे परवापासून कोपऱ्यात मारू लागतील. १९७६ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने शेवटची पेनल्टी अलगद मध्यभागी टाकली. पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक मायर तोवर बाजूला झेपावला होता. ती युक्ती आजही पानेन्काच्याच नावाने ओळखली जाते, पण ती रोज चालत नाही. दोघांनीही आपली निवड दुसऱ्याला ओळखता येणार नाही अशी बदलती ठेवणे हाच उत्तम डाव, असे गणितातला खेळ-सिद्धान्त सांगतो. चौदाशेहून अधिक पेनल्टींच्या २००३ सालच्या एका अभ्यासात व्यावसायिक खेळाडू बरेचसे तसेच वागताना आढळले.

चाळिशीचे गणित

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. प्रतिसादाचा वेळ विशीनंतर हळूहळू वाढतो हे खरे, पण चाळिशीपर्यंतची वाढ सेकंदाच्या काही शतांशांची असते. त्याच काळात जागा घेणे, पाहणे आणि अंदाज बांधणे या तीन गोष्टींत जी भर पडते, ती हा तोटा भरून काढून वर उरते. पळण्याचा दम वयानुसार कमी होतो, पण मैदानी खेळाडू एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर धावतो, तर गोलरक्षक साधारण त्याच्या निम्मे अंतर चालतो-धावतो. त्यामुळे इटलीचा डिनो झॉफ १९८२ साली चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून विश्वचषक उचलू शकला. इंग्लंडचा पीटर शिल्टन १९९० चा विश्वचषक चाळिसाव्या वर्षी खेळला. इजिप्तचा एसाम अल् हदारी २०१८ मध्ये ४५ वर्षांचा होता आणि सौदी अरेबियाविरुद्धच्या सामन्यात त्याने पेनल्टी अडवली.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे. १९५४ साली ताळगावात जन्मलेले ब्रह्मानंद दीड दशकाहून अधिक काळ वास्कोच्या साळगावकर क्लबचे गोलरक्षक होते. गोव्याने १९८३ मध्ये संतोष करंडक बंगालबरोबर वाटून घेतला आणि पुढच्याच वर्षी पंजाबला हरवून तो एकट्याने जिंकला, त्या काळात गोव्याचा गोल ते सांभाळत होते. १९८३ ते १९८६ या काळात ते भारताचे कर्णधार होते. म्हणजे वयाच्या तिशीच्या दोन्ही बाजूंची वर्षे, जेव्हा आघाडीच्या खेळाडूचा उतार लागायला येतो. त्यांना १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या उमेदीच्या काळात देशपातळीवरची लीग नव्हती, ती १९९६ मध्ये सुरू झाली. गोव्यात उद्योगसमूहांनी चालवलेले क्लब हाच खेळाडूंचा मोठा आधार होता.

मात्र ही लांब कारकीर्द सोपी नसते. संघात मैदानावरच्या जागा अकरा, पण गोलरक्षकाची एकच. दुसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक कितीही चांगला असला तरी महिनोन्महिने बाकावर बसतो. आघाडीच्या खेळाडूने पाच संधी दवडून सहावी साधली तर तो नायक ठरतो. गोलरक्षकाने पाच चेंडू अडवून सहावा सोडला तर लक्षात राहतो तो सहावाच. नियमही बदलतात. १९९२ पूर्वी आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक हातात घेऊ शकत असे. त्या वर्षी ते बंद झाले आणि पुष्कळांना मध्येच पायाने खेळायला शिकावे लागले. दुखापतींचा धोका तर नित्याचा. चेल्सी क्लबच्या पीटर चेक याची कवटी २००६ साली एका धडकेत फुटली. पुढे निवृत्तीपर्यंत तो डोक्यावर संरक्षक टोपी घालून खेळला.

मुलींनाही हे क्षेत्र मोकळे आहे. भारताच्या महिला संघाची गोलरक्षक अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडमधील वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून खेळली. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आम्ही हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला फॉरवर्डच आवडतं, पण बरं झालं कळलं."

शाळेत काय करावे

मैदानावर प्रयोग करताना काही पथ्ये पाळावीत. हलवता येणारे लोखंडी गोल जमिनीत पक्के रोवल्याशिवाय वापरू नयेत आणि मुलांना आडव्या खांबाला लोंबकळू देऊ नये. असे गोल अंगावर कोसळून अनेक देशांत मुले दगावली आहेत. झेप घेण्याचा सराव टणक जमिनीवर करू नये. वाळू, गवत किंवा गादी असावी आणि सुरुवात गुडघ्यांवर बसून कुशीवर पडण्यापासून करावी. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये, तो "काही नाही झालं" म्हणाला तरीही, आणि डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक गोष्ट. गोलात उभे राहणे ही शिक्षा होऊ देऊ नये. सगळ्यांना आळीपाळीने गोलात उभे करावे. स्वतः उभे राहिल्याखेरीज ०.४६ सेकंद म्हणजे किती थोडे, हे कोणालाच कळत नाही आणि ते कळल्याखेरीज दुसऱ्याला बोल लावणे थांबत नाही.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी मित्रांनी हा नियम केला. वर्गातल्या सर्वांत जलद धावणाऱ्या मुलावर पहिली पाळी आली. तो रेषेवर ताठ उभा राहिला आणि दहा मिनिटांत तीन गोल झाले. तेव्हा नेहमीचा गोलरक्षक मैदानाच्या कडेवरून ओरडला, "अरे, रेषेवर काय उभा राहतोस? पुढं ये, पुढं! दोरी आठव!"

त्या दिवशी त्याला कोणी गप्प बस म्हटले नाही.